गुलाबी जहाजात विष नसतं, त्या फॉरवर्डला माझं उत्तर

आमच्या बेळगावच्या मंडळाच्या ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतंय, शहापूर, अनगोळ, खानापूर, सगळीकडच्या पाहुण्यांकडून परत परत येतंय. "जहाजाच्या रंगावरून ओळखा आत काय आहे." गुलाबी म्हणजे विषारी केमिकल, हिरवं म्हणजे अमुक एका देशाचं सरकारी जहाज, तळाला लाल रंग म्हणजे शार्क लांब राहावेत म्हणून, आणि पट्टेरी जहाज रडारला दिसत नाही. मागच्या गल्लीतल्या एका मावशींचा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे आणि नेमका गुलाबी जहाजावर आहे. मावशींनी हे वाचलं तसं दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. मी आधी सहा वर्षं गोव्यात ड्राय डॉकला, म्हणजे जहाज कोरड्यावर घेऊन दुरुस्त करतात तिथं, जहाजं रंगवलोय, आता उद्यमबागेत पेंटिंगचं जॉबवर्क करतो, त्यामुळं गप्प बसवेना.

पहिलं ते गुलाबीचं. तो गडद गुलाबी, मॅजेंटा म्हणतात त्याला, तो ओशन नेटवर्क एक्सप्रेस कंपनीचा रंग आहे. जपानच्या तीन जुन्या कंपन्यांनी, म्हणजे एनवायके, मित्सुई ओएसके आणि के लाइन यांनी आपापला कंटेनरचा धंदा एकत्र करून २०१७ मध्ये ही कंपनी काढली, २०१८ च्या एप्रिलपासून जहाजं चालू झाली. नवीन कंपनी, दुरून ओळखू यायला पाहिजे, म्हणून तो रंग. त्यांचे कंटेनरही त्याच रंगाचे, आपल्या पुणे-बेंगळुरू हायवेवर ट्रेलरवरून जाताना तुम्ही बघितलाच असाल. त्यात कापड असेल, मशीनचे पार्ट असतील, काहीपण असेल.

आणि जरा विचार करा की, मोठ्या जहाजावर वीस हजार कंटेनर मावतात, प्रत्येकात वेगळा माल, प्रत्येक बंदरात काही उतरतात काही चढतात, मग मालाप्रमाणं रंग द्यायचा तर रोज जहाज रंगवायला लागेल. जहाजाचा तळ पाच वर्षांत दोनदा तपासायचा असतो, त्यासाठी डॉकला येतं तेव्हाच अख्खं रंगवून होतं, आणि तेव्हासुद्धा आधी धुणं, ब्लास्टिंग म्हणजे दाबानं कण मारून जुना रंग आणि गंज काढणं, प्रायमर, त्यावर कोट, प्रत्येक कोट वाळायला वेळ, बाहेर मालकाचा माणूस घड्याळ बघत उभा. माल बदलला म्हणून रंग बदलायला आलेलं एकपण जहाज मी बघितलेलं नाही.

धोकादायक माल असतो का, तर असतो. पण तो रंगावरून कळत नाही. त्याचे जगभर एकच नियम आहेत, नऊ वर्ग पाडलेत, आणि त्या त्या कंटेनरवर चारी बाजूंना पाव मीटरची चौकोनी पाटी, पत्त्यातल्या चौकटसारखी कोपऱ्यावर उभी करून लावलेली असते. आपल्याकडं गॅसच्या टँकरवर १०७५ हा आकडा असतो तो बघा, तो एलपीजीचा नंबर, टँकर पांढरा असो नाहीतर निळा. आणि जहाज धोकादायक माल घेतंय किंवा नेतंय तर 'ब्राव्हो' नावाचा लाल बावटा चढवतात.

हिरव्याचं उत्तर तर २०२१ लाच मिळालंय. २३ मार्चला सुवेझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' आडवं अडकलं, २९ ला सुटलं, ४०० मीटर लांब, हिरवंगार. चालवणारी एव्हरग्रीन ही तैवानची कंपनी, मालक जपानी, झेंडा पनामाचा, आणि आत होते ते पंचवीसच्या पंचवीस खलाशी भारतीय. आता सांगा रंगावरून कुठला देश ओळखणार? झेंडा मागं असतो, कुठं नोंदणी झाली ते नावसुद्धा मागंच लिहिलेलं असतं, तिथं बघायचं.

आता तळाचा लाल रंग, यावर मला जास्त सांगायचंय कारण याच कामात माझे हात गेले. जहाज पाण्यात उभं राहिलं की तळाला शेवाळ धरतं, मग बारीक कवचवाले जीव सिमेंटसारखे चिकटतात, तळ खडबडीत होतो, जहाज जड चालतं आणि डिझेल जास्त पितं. ते धरू नये म्हणून जो रंग देतात त्याला अँटीफाउलिंग म्हणतात आणि त्यात तांब्याचं एक ऑक्साईड असतं, तेच मुळात लाल. आपल्या अथणीकडचे द्राक्षवाले मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो फवारतात ना बुरशीला, तसंच हे, तांबं बारीक जिवांना जगू देत नाही. १७६१ मध्ये इंग्रजांच्या नौदलानं 'अलार्म' जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रेच ठोकले होते. शार्कला त्या लालचं काही नाही, आणि आता याच कामाचा रंग निळा, काळापण मिळतो.

त्यात खरी काळजीची गोष्ट होऊन गेलीय, ती मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. मध्ये काही वर्षं टीबीटी नावाचं कथिलाचं रसायन या रंगात घालायचे, फार जबर काम करायचं, पण बंदराजवळच्या शंखांच्या माद्यांना नराचे अवयव फुटायला लागले, कालवं, म्हणजे खायचे शिंपले, खराब झाली. शेवटी २००१ मध्ये करार झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून बंदी लागू झाली. रंगात विष होतं ते असं, आणि ते समुद्रातल्या जिवांना भोवलं.

पट्टेरी जहाजं खरी होती, पहिल्या महायुद्धात, १९१७ ला नॉर्मन विल्किन्सन या चित्रकारानं काढलेली कल्पना, पाणबुडीतून बघणाऱ्याला जहाज कुठल्या दिशेनं आणि किती वेगानं चाललंय याचा अंदाज चुकावा म्हणून. तेव्हा जहाजांवर रडारच नव्हतं.

एक गोष्ट मान्य करतो, रंगाचा मालाशी संबंध कधीच नव्हता असं नाही. केळी नेणारी जुनी जहाजं पांढरी असायची, ऊन परतावं म्हणून, आपण उन्हाळ्यात पत्र्याला चुना मारतो तसं. लाइफबोट नारिंगी असते तीपण नियमानं, लांबून दिसावी म्हणून.

ज्यांना खरंच ओळखायचंय त्यांनी आयएमओ नंबर बघा, म्हणजे जागतिक सागरी संघटनेच्या पद्धतीचा जहाजाचा ओळख नंबर, सात आकडी, जहाजाचं नाव बदलो, रंग बदलो, मालक बदलो, तो बदलत नाही. एव्हर गिव्हनचा ९८११०००. पहिल्या सहा आकड्यांना ७, ६, ५, ४, ३, २ नं गुणा, ६३, ४८, ५, ४, ०, ०, बेरीज १२०, तिचा शेवटचा आकडा ० आणि नंबरचा शेवटचा आकडापण ०. खोटा नंबर टाकला तर बहुतेक इथंच सापडतो. मावशींना मुलाच्या जहाजाचा नंबर दिला, त्यांनी कॅलेंडरच्या मागं गुणाकार करून बघितला, बरोबर आला. आता त्या रोज सकाळी मोबाईलवर नकाशात ते जहाज कुठवर पोचलं बघतात, काल मलाक्काच्या पुढं होतं.