कोयनेच्या धक्क्यांबद्दलचा तो मेसेज

‘कोयनेत धक्के वाढलेत, येत्या पौर्णिमेला १९६७ सारखा भूकंप’ हा फिरणारा मेसेज खोटा आहे. भूकंपाची तारीख आधी सांगता येत नाही. पौर्णिमेची तर नाहीच.

कोयनेला धक्के नवे नाहीत. १९६२ पासून कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागला, तेव्हापासून ते जाणवतात. पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत मुरणारं पाणी, यांमुळे आधीच ताणलेले प्रस्तर सरकतात. म्हणून पावसाळ्यानंतर मांडणीवरची भांडी जरा जास्त वाजतात.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, ६.३ तीव्रतेचा धक्का सर्वांत मोठा. तेव्हा धरणाला तडे गेले, पण ते फुटलं नाही. पुढे त्याचं मजबुतीकरणही झालं. मेसेजवाल्यांनी एवढं तरी वाचायचं!