"दुधाचे दात पडणारच आहेत" म्हणून कीड तशीच सोडू नका

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की दुधाचे दात पडणारच असतात त्यामुळे कीड लागली तरी खर्च करू नका, कीड कॅल्शियम कमी पडल्यामुळे लागते, आणि फ्लोराइडची (दातांना किडीपासून वाचवणारा घटक) पेस्ट मुलांना विष आहे. लोक हे वाचून खरंच ट्रीटमेंट टाळतात म्हणून लिहितोय.

दात पडणार हे खरंय, पण कधी? पुढचे सहा-सात वर्षांचं झालं की पडतात, मागच्या दाढा मात्र 10 ते 12 वर्षांपर्यंत तोंडात असतात, म्हणजे तिसऱ्या वर्षी किडलेली दाढ घेऊन मुलाने अजून सात-आठ वर्षं जेवायचं? दुधाच्या दातावरचं इनॅमल, म्हणजे बाहेरचं कडक आवरण, पातळ असतं, कीड पटकन दाताच्या नसेपर्यंत पोचते, मग रात्री रडणं, एकाच बाजूने चावणं, हिरडीवर पुळी. खाली पक्का दात तयार होत असतो, वरचं इन्फेक्शन त्यालाही खराब करू शकतं. आणि दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात, मग पक्का दात वाकडा येतो.

कॅल्शियमचं म्हणाल तर सिरप पाजून खड्डा भरत नाही. तोंडातले बॅक्टेरिया साखरेचं अ‍ॅसिड करतात, त्याने दात झिजतो. गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं, आणि दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं तर फारच वाईट, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दूध दातांवर तसंच राहतं.

फ्लोराइडमध्ये प्रश्न प्रमाणाचा आहे. 1000 पीपीएम (दहा लाख भागांत 1000 भाग) फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी, बस. रोज जास्त गिळली तर पक्क्या दातांवर डाग येऊ शकतात हे खरं, म्हणून ट्यूब मुलांच्या हातात देऊ नका, सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश तुम्हीच करून द्या.

आज एवढं करा, मुलाचा वरचा ओठ उचलून हिरडीलगत बघा. खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असते, या टप्प्यावर फ्लोराइड वार्निशने (डॉक्टर दातावर लावतात तो फ्लोराइडचा लेप) दात सावरू शकतो, ड्रिलची गरजही पडत नाही. खड्डा पडला असेल तर फिलिंग, खोल गेली असेल तर दुधाच्या दाताचंही रूट कॅनल होतं आणि वर स्टीलची कॅप बसवतात. मूल अगदीच लहान असेल तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे औषध दातावर लावून कीड थांबवता येते, किडलेला भाग काळा पडतो पण सुई नाही, मशीन नाही. गालावर सूज आणि ताप असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.