कर घेता, तर नियमही करा

डीफायवर, म्हणजे बँकेसारख्या मध्यस्थाशिवाय थेट कोडवर चालणाऱ्या क्रिप्टोच्या आर्थिक व्यवहारांवर, सरसकट बंदी घाला म्हणणारे आणि सरकारने यात पडूच नये म्हणणारे, दोन्ही प्रकारचे लोक माझ्या ओळखीत आहेत. मला दोघांचंही पटत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या पतसंस्थांचं ऑडिट करण्यात माझी निम्मी हयात गेली. संचालकाच्या मेहुण्याला दिलेलं कर्ज, फुगवून दाखवलेलं प्लॉटचं मूल्यांकन, हे सगळं आम्हाला कळतं मार्च उलटल्यावर. ठेवीदाराला कळतं दाराला कुलूप दिसल्यावर. म्हणून आव्हेसारख्या डीफाय प्रोटोकॉलवरचे, म्हणजे कोडमध्ये लिहिलेल्या नियमांनी चालणाऱ्या यंत्रणेवरचे, कर्जव्यवहार बघितले तेव्हा मी हरखून गेलो. कोणत्या वॉलेटने (क्रिप्टोच्या डिजिटल पाकिटाने) किती तारण ठेवलं, किती उचललं, कुणीही आत्ता बघू शकतं. तारणाची किंमत ठरलेल्या मर्यादेखाली घसरली की ते विक्रीला निघतं, तिथे कुणाचा फोन चालत नाही. असा उघडा हिशेब आपल्या सहकारात आला तर मला हवाच आहे.

पण नुसतं दिसून भागत नाही. निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदाराचा मुलगा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला होता. चांगलं व्याज मिळतं म्हणून त्याने एका वेबसाइटला वॉलेट जोडलं आणि 'अप्रूव्ह' दाबलं. त्या परवानगीत रकमेला मर्यादाच नव्हती. त्याच्या वॉलेटमधलं ते टोकन, म्हणजे क्रिप्टो नाणं, हवं तेव्हा, हवं तेवढं काढून घ्यायची मोकळीक त्याने एका कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कोडला, देऊन टाकली होती. पुढे एका रात्रीत सगळं गेलं. पैसे कोणत्या पत्त्यावर गेले, तिथून कुठे फुटले, हे आम्ही दोघांनी स्क्रीनवर बघितलं. तक्रारअर्जात कुणाविरुद्ध लिहायचं, हे मात्र मला सांगता आलं नाही.

आपल्याकडे कायदा किती आहे? रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये बँकांना क्रिप्टोपासून लांब राहायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक मार्च 2020 मध्ये रद्द केलं. 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आणि व्यवहारावर 1 टक्का टीडीएस आहे. एका टोकनमध्ये लाखाचा नफा आणि दुसऱ्यात लाखाचा तोटा झाला, तरी नफ्यावरचे तीस हजार भरावेच लागतात. 2023 मध्ये क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणारी एक्स्चेंज मनी लाँडरिंग कायद्याखाली आले. सरकारने स्वतःची वसुली आणि देखरेख व्यवस्थित बसवली. ग्राहकाच्या पैशांच्या रक्षणासाठी वेगळा कायदा अजून नाही, याची मला चीड येते.

माझं म्हणणं एवढंच आहे की आधी चावी, म्हणजे कोड बदलायचा अधिकार, कुणाकडे आहे ते बघा. 'विकेंद्रित' म्हणवणाऱ्या कितीतरी प्रोटोकॉलचा कोड मोजक्या लोकांच्या सह्यांनी बदलता येतो. ज्यांना तो बदलता येतो त्यांनी नावानिशी नोंदणी करावी आणि नुकसानीला उत्तर द्यावं. कुणालाच बदलता येत नाही असाही कोड असतो. टॉर्नेडो कॅश या क्रिप्टो व्यवहारांचा माग लपवणाऱ्या सेवेच्या अशाच कॉन्ट्रॅक्टबद्दल अमेरिकेतल्या अपील कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलं की ती कुणाची मालमत्ताच नाही, म्हणून तिथल्या सरकारचे निर्बंध त्यांना लागू होत नाहीत. तिथे नियम दारावर लावायचे: एक्स्चेंज, स्टेबलकॉइन (डॉलरसारख्या चलनाशी किंमत बांधलेलं नाणं) काढणारी कंपनी, वेबसाइट चालवणारा. युरोपचा मायका हा क्रिप्टोविषयीचा कायदा डिसेंबर 2024 पासून पूर्ण लागू झाला, पण पूर्णपणे विकेंद्रित सेवा त्याने बाहेर ठेवल्या आणि 'पूर्णपणे' म्हणजे किती, हे मोघमच ठेवलं. आपण ती रेघ स्पष्ट मारावी.

हे जग बँकांपासून वेगळं आहे, असं कुणी सांगत असेल तर त्याने मार्च 2023 आठवावा. सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, यूएसडीसी या स्टेबलकॉइनच्या राखीव रकमेतले 3.3 अब्ज डॉलर तिथे अडकले, आणि एक डॉलरचं ते नाणं काही काळ 90 सेंटच्याही खाली गेलं.

आपल्या बँका उद्या हे विकायला बसणार असतील, तर तीन गोष्टी सक्तीच्या हव्यात. परवानगी ठरावीक रकमेपुरतीच मिळावी. चावी कुणाकडे आहे ते जाहीर असावं. आणि बँक ठेवीला असलेलं पाच लाखांचं विमा संरक्षण इथे नाही, हे सही घेण्याआधी ठळक मराठीत समोर यावं.