एक लेख, पाच पेपर

परवा सहज लिहिलं की माझं परसबागेचं सदर आता पाच पेपरांत येतं, तर निम्म्या लोकांनी अभिनंदन केलं आणि उरलेल्यांनी इनबॉक्समध्ये विचारलं, हे चालतं का? एका जुन्या मित्राने तर सरळच विचारलं, एकच भाजी पाच घरी वाढतोस होय रे? हो, वाढतो. पण पाचही घरी सांगून वाढतो.

मार्च 2020 पर्यंत मी एकाच मोठ्या पेपरात लिहायचो, सहा वर्षं, दर शनिवारी, लेखाला 800 रुपये. लॉकडाऊन लागलं, पुरवणी बंद, सदर बंद. तिकडून फोनसुद्धा नाही आला, शेवटी मीच केला, तर म्हणाले बघू पुढे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की ज्याला मी "माझं सदर" म्हणत होतो ती दुसऱ्याच्या वाड्यातली खोली होती.

मग जरा कायदा वाचला. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. पेपरात नोकरीला असाल तर पेपरात छापण्यापुरता हक्क मालकाचा, पण बाहेरून लिहिणारा माणूस नोकर नसतो, त्याने सही करून हक्क लिहून दिले नसतील तर लेख त्याचाच. आणि लिहून दिले पण मुदतच लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. त्यामुळे मित्रांनो, संपादकांचं जे पत्र येतं ते सही करण्याआधी वाचा!! मी सहा वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं, नशिबाने पत्रच नव्हतं.

आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्याला आपला पेपर आहे, साताऱ्याला ऐक्य, सोलापूरला संचार, अकोल्याला देशोन्नती, रत्नागिरीला रत्नागिरी टाइम्स. साताऱ्याचा वाचक अकोल्याचा पेपर कशाला उघडतोय? म्हणून मी नियम केला, एका जिल्ह्यात एकच पेपर, आणि प्रत्येक संपादकाला आधीच सांगायचं की हा लेख आणखी कुठे कुठे जातो. याचा फायदा असा झाला की एकदा मी ईमेलमध्ये बीसीसी (म्हणजे पत्ते एकमेकांपासून लपवायची सोय) करायला विसरलो, पाचही संपादकांना एकमेकांचे पत्ते दिसले, आणि कुणी काहीच म्हणालं नाही.

हे काही मी शोधलेलं नाही. पत्रकार कुलदीप नय्यर यांचं सदर 14 भाषांतल्या 80 च्या वर पेपरांत जायचं. अमेरिकेत तर यासाठी सिंडिकेट कंपन्याच आहेत, त्या लेख विकतात आणि साधारण निम्मे पैसे ठेवून घेतात. आपण स्वतः केलं तर ते निम्मे वाचतात, पण त्यांची हमाली आपल्याला करावी लागते. बिलं पाठवा, मानधनासाठी फोन करा (एकाकडे आठ महिन्यांचं अडकलंय), एका पेपरला लेख अजून श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये हवा, युनिकोडवरून बदललं की जोडाक्षरं फुटतात, ती बसून नीट करा. पैसे विचाराल तर 500, 400, 400, 300 आणि पाचवा काहीच देत नाही, म्हणजे आठवड्याला 1600. श्रीमंत नाही झालो, पण पूर्वीच्या दुप्पट आहे.

खरा फायदा मात्र वेगळाच निघाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात काकडी लावा असं मी बिनधास्त लिहिलं, तर वऱ्हाडातून एका आजोबांचं पत्र, "लेखकमहाशय, इथे अजून 43 डिग्री आहे, काकडी लावू की भाजू?" कोकणातल्या एक बाई म्हणाल्या, आमच्याकडे जांभ्यावर वीतभर माती, तुम्ही दोन फूट खड्डा खणायला सांगता, सुरुंग लावू का? सहा वर्षं मी पुण्याच्या गॅलरीतून अख्ख्या महाराष्ट्राला बागकाम शिकवत होतो आणि मला ते कळलंही नव्हतं. आता लेख एकच असतो पण शेवटचे दोन परिच्छेद बदलतो, काळ्या मातीला वेगळे, कोकणाला वेगळे. अर्धा तास जास्त जातो. लेख मात्र आधीपेक्षा कितीतरी बरे होतात असं बायकोचं मत आहे, आणि ती सहजासहजी बरं म्हणत नाही.

गेल्या दिवाळीनंतर यातल्या एका पेपरने पानं कमी केली आणि सदर थांबवलं. वाईट वाटलं, पण शनिवारी उरलेल्या चार ठिकाणी लेख आला, एवढंच. सदर थांबवलेल्या त्या पेपरचे संपादक महिन्याभरात दुसऱ्या जिल्ह्यातल्या पेपरात गेले आणि तिथून त्यांचा मेसेज, "भेंडीचा लेख तयार आहे का? आमच्याकडे माती मुरमाड आहे हां."