दंड वाढला, पण वसुलीचं काय?

महाराष्ट्रात एखादा भीषण अपघात झाला की ‘दंड वाढवा’ ही मागणी ठरलेलीच. १ सप्टेंबर २०१९पासून केंद्राच्या मोटार वाहन कायद्यात तो वाढलाही: सीटबेल्टचे शंभराचे हजार झाले, विनापरवाना गाडी चालवण्याचे पाचशेचे पाच हजार. महाराष्ट्राने नवे दर लागू करायला डिसेंबर २०२१ उजाडवला, ते सोडा. फिनलंडमध्ये राहून हा वाद वाचताना खटकतं ते हे, की सगळे आकड्यावर भांडतात आणि वसुलीचं कुणी काढत नाही.

गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाचा १९६८चा हिशेब सरळ आहे: गुन्ह्याची किंमत म्हणजे दंड गुणिले पकडलं जाण्याची शक्यता. समजा, दोनशेत एकदा पकडलं गेलं, तर दहा हजारांचा दंड चालकाला पन्नास रुपयांना पडतो. पोलीस नेमणं महाग आणि दर वाढवणं फुकट, म्हणून सरकार दर वाढवतं. पण दर वाढला की तोडपाणीचा भावही वाढतो. पाचशेच्या पावतीसाठी कुणी फारशी घासाघीस करत नाही, पाच हजारांच्या पावतीसाठी दोघंही तयार असतात. उरलेली चलनं थकतात आणि मग सवलत येते. कर्नाटकने फेब्रुवारी २०२३मध्ये थकीत दंड निम्म्यावर आणला, आपल्याकडे लोकअदालतीत तडजोड होते. थांबणाऱ्याचा फायदा, वेळेवर भरणारा मूर्ख!

फिनलंडमध्ये १९२१पासून ‘पाइवासाक्को’ म्हणजे दिवसांच्या हिशेबाने दंड आहे. गुन्ह्याच्या गांभीर्यावरून दिवस ठरतात, १ ते १२०. एका दिवसाचा दर असा: महिन्याच्या निव्वळ उत्पन्नातून २५५ युरो वजा करायचे, उरलेल्याला ६०ने भागायचं, अवलंबून असलेल्या प्रत्येक माणसामागे ३ युरो कमी करायचे. ३,००० युरो मिळवणाऱ्या एकट्या माणसाला १२ दिवसांचे साधारण ५५० युरो पडतात, ३०,००० मिळवणाऱ्याला जवळपास ५,९५०. किरकोळ वेगाला मात्र ठरावीक रक्कम. मर्यादेपेक्षा ताशी २० किलोमीटरच्या वर गेलात की उत्पन्न मोजलं जातं. २०२३मध्ये ऑलांड बेटांवर ५०च्या पट्ट्यात ८२ने गाडी हाकणाऱ्या एका उद्योगपतीला १,२१,००० युरो भरावे लागले. पोलिसांना उत्पन्न करखात्याच्या नोंदीतून मिळतं, चालकाच्या तोंडी सांगण्यावर भिस्त नसते.

हे जसंच्या तसं महाराष्ट्रात चालणार नाही. बहुतेकांचं उत्पन्न करखात्याच्या वहीत नाहीच आणि ज्यांचं आहे त्यांत पगारदार बरेच. म्हणजे नोकरदाराला फिनिश दंड आणि बंगल्यासमोर चार गाड्या उभ्या असलेल्याला किमान दर. त्यापेक्षा गाडीची किंमत धरावी. महाराष्ट्रात कारचा वाहनकर आधीच किमतीच्या टक्क्यांत घेतात, म्हणजे तो आकडा आरटीओकडे आहे. दंडही त्याच किमतीच्या टक्क्यांत लावला तर दहा लाखांची आणि कोटीची गाडी एकाच पावतीवर सुटणार नाही. जुन्या गाडीची किंमत विम्याच्या कागदावर दरवर्षी उतरतेच, तीच घ्यावी.

यात घोळ होईल तो मालकीचा. विकलेली गाडी नव्या मालकाच्या नावावर चढलेली नसेल, तर चलन जुन्या मालकाच्या मोबाइलवर जातं. तेव्हा दर बदलण्याआधी थकीत चलन असलेल्या गाडीचा विमा किंवा पीयूसी अडवायची सोय हवी आणि तीही सवलतीच्या लोकअदालती बंद करून.