एका प्रतिक्रियेला उत्तर : जेरेमी डेलर, लोककला आणि गर्दी

आपली प्रतिक्रिया तळमळीने लिहिलेली आहे, म्हणून तिची दोन ओळींत बोळवण करणे मला योग्य वाटले नाही. ब्रिटिश कलावंत जेरेमी डेलर यांच्यावरील माझ्या लेखाविषयी आपले आक्षेप थोडक्यात असे : वाजवतात बँडवाले, बॅनर शिवतात दुसरेच आणि ब्रिटनमधील दृश्यकलेचे मानाचे २००४चे टर्नर पारितोषिक मात्र स्वीकारतात डेलर, लोककला कलादालनात नेली की निर्जीव होते, आणि मी ज्याला लोकसहभाग म्हणतो ती निव्वळ जमवलेली गर्दी असते. यांपैकी शेवटचा आक्षेप मला अंशतः मान्य आहे.

१९९७च्या ‘ॲसिड ब्रास’ या बँडवादनाच्या प्रयोगात डेलर यांनी एकही सूर वाजवला नाही, हे खरेच आहे. वादन स्टॉकपोर्टच्या विल्यम्स फेअरी बँडचे होते. मुळात हा विमानाच्या कारखान्यातील कामगारांचा बँड. ॲसिड हाउस या नृत्यसंगीताच्या रचना पितळी वाद्यांसाठी बसवून दिल्या त्या रॉडनी न्यूटन यांनी. मात्र गिरण्या-खाणींच्या गावांत वाढलेले बँडसंगीत आणि ते उद्योग बंद पडल्यानंतर ओस गोदामांतून घुमलेले ॲसिड हाउस ही एकाच औद्योगिक इतिहासाची दोन टोके आहेत, हे डेलर यांनी ओळखले, बाणांनी जोडलेल्या शब्दांच्या एका आकृतीत मांडले आणि मग लोकांना कानांनी ऐकवले. हा सांधा शोधणे हेच तिथले कलावंताचे काम होते, आणि ते मला मुळीच किरकोळ वाटत नाही.

दुसऱ्या आक्षेपाच्या मुळाशी शब्दाचा घोटाळा आहे. आपल्याकडे ‘लोककला’ म्हटले की पिढीजात, जुने आणि बहुधा अस्तंगत होत चाललेले काही डोळ्यांसमोर येते. डेलर आणि कलावंत ॲलन केन यांनी जमवलेल्या व २००५मध्ये लंडनच्या बार्बिकन या कलाकेंद्रात मांडलेल्या ‘फोक आर्काइव्ह’ या लोककलेच्या संग्रहाला हा अर्थ लागू पडत नाही. त्यात कामगार संघटनांसाठी एड हॉल यांनी शिवलेले भव्य बॅनर होते, एक यांत्रिक हत्ती होता, आणि उत्तर इंग्लंडमधील एग्रेमाँट गावच्या क्रॅब फेअर या जत्रेतील तोंडे वेडीवाकडी करण्याची स्पर्धाही होती. (या जत्रेचा खेकड्यांशी संबंध नाही, क्रॅब म्हणजे आंबट रानसफरचंद.) ती जत्रा १२६७पासूनची आहे, पण तिच्या शेजारी कालपरवाची हौसही त्याच मानाने ठेवलेली होती. दालनात नेल्यामुळे एग्रेमाँटची स्पर्धा थांबली नाही. हॉल यांचे बॅनरही मोर्च्यांसाठीच शिवले जात राहिले.

आता गर्दीविषयी. १८ जून १९८४ रोजी दक्षिण यॉर्कशरमधील ऑरग्रीव्ह येथील, दगडी कोळशापासून कोक हे इंधन बनवणाऱ्या कारखान्यासमोर संपकरी खाणकामगार आणि पोलीस यांची मोठी चकमक झाली. बीबीसीच्या बातम्यांत चित्रणाचा क्रम उलटा लागल्यामुळे, कामगारांनी आधी दगड फेकले आणि मग घोडेस्वार पोलीस चालून गेले, असे देशाने पाहिले. ९५ कामगारांवर भरलेले खटले पुढच्याच वर्षी कोसळले आणि १९९१मध्ये पोलिसांना ३९ जणांना एकूण ४,२५,००० पौंड भरपाई द्यावी लागली. १७ जून २००१ रोजी डेलर यांनी आर्टएंजल या संस्थेच्या पाठबळावर ही चकमक पुन्हा घडवली. तिच्यात ऐतिहासिक लढाया हुबेहूब करून दाखवणाऱ्या मंडळांतील सुमारे ८०० हौशी लोक होते आणि सुमारे २०० माजी खाणकामगार. सतराव्या शतकातील यादवी युद्ध रविवारच्या दुपारी पुन्हा लढणे हा इंग्लंडमधील जुना छंद आहे, आणि माझ्या मते तीही लोककलाच. पण त्या लढायांतील मूळ योद्धा कधी शेजारी येऊन उभा राहत नाही. इथे तो उभा होता. गर्दीतील एक माणूस काढून दुसरा उभा केला तर गर्दीचे काही बिघडत नाही. त्या दोनशे जणांऐवजी दुसरे दोनशे आणले असते, तर उरली असती ती केवळ नेटकी कवायत.

याच कसोटीवर माझ्या लेखातील एक चूक मात्र उघडी पडते. १ जुलै २०१६ रोजी, फ्रान्समधील सोमच्या लढाईला शंभर वर्षे झाली त्या दिवशी, डेलर आणि लंडनच्या नॅशनल थिएटरचे तत्कालीन संचालक रूफस नॉरिस यांच्या योजनेनुसार हजाराहून अधिक स्वयंसेवक पहिल्या महायुद्धातील गणवेशात ब्रिटनभरच्या स्थानकांवर आणि बाजारांत अचानक दिसू लागले. ते कुणाशी बोलत नव्हते. जवळ येणाऱ्याच्या हाती त्या पहिल्या दिवशी पडलेल्या १९,२४० ब्रिटिश सैनिकांपैकी एकाच्या नावाचे कार्ड ठेवत होते. कृती विलक्षण होती, पण कधी उभे राहायचे, कधी गायचे आणि कधी गप्प बसायचे हे सारे आधीच ठरलेले होते. यातील कोणताही तरुण दुसऱ्याच्या जागी चालला असता. युद्धात सैनिकाचे असेच होते, हे कदाचित सुचवायचेही असेल. परंतु त्याला ऑरग्रीव्हच्या अर्थाने सहभाग म्हणता येत नाही, आणि मी दोन्हींसाठी तोच शब्द वापरला. लेखातील सोमवरचा परिच्छेद मी आज बदलत आहे. ऑरग्रीव्हचा परिच्छेद आहे तसाच राहील.