उद्याची भरती १२:४० ला

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज : 'तळ्याची ती रिकामी जागा भराव टाकून पार्क करून घ्या, डास तरी कमी होतील.' खाली सव्वीस अंगठे. सव्वीस! आणि म्हणे रिकामी.

बायपासनंतर डॉक्टरांनी बाबांना रोज चालायला सांगितलं. बागेत जाईनात. ''गोल गोल फिरायला मी काय घाण्याचा बैल?'' नेरुळच्या तळ्याकाठी मात्र एकदा गेले ते तिथलेच झाले. आता आमच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी भरतीची वेळ असते. कारण रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, खाडीच्या घड्याळाने येतात. ओहोटीला ठाणे खाडीच्या चिखलात चरायचं, भरतीने चिखल बुडाला की उथळ पाणी शोधत इकडे यायचं, एका पायावर उभं राहून झोप काढायची. ते चार तास टेकायला जागाच नसेल तर खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली काय नि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली काय! पक्षी सातबारा बघून उतरतात का?

मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेत ३९ रोहित मेले, तेव्हा याच ग्रुपवर रडक्या इमोजींचा पूर आला होता. चौकातल्या फायबरच्या रोहितांसोबत सेल्फी काढणारेही हेच. खरे रोहित घाण करतात ना, फायबरचे करत नाहीत.

डास होतात, मान्य. ओहोटीला वास येतो, तोही मान्य. आणि आपली बिल्डिंगसुद्धा आगरी-कोळ्यांच्या जमिनीवरच उभी आहे, बरं. पण डास साचलेल्या पाण्यात होतात हो! भरतीचं पाणी आत घेणारा पाइप गाळाने बुजलाय, तो मोकळा करा म्हणून मी तीनदा अर्ज दिलाय. तिन्ही वेळा उत्तर एकच : 'सदर बाब आमच्या अखत्यारीत येत नाही.' भराव टाकायचं ठरलं की बघा, अखत्यारी लगेच सापडेल.

जाऊ दे. ग्रुपवर लिहिणार होते, लिहून पुसलं. शेजाऱ्यांशी भांडून उद्या लिफ्टमध्ये तोंड कुठे लपवू?

आज ११:५० ची भरती होती. बाबा टोपी, दुर्बीण घेऊन गेले, एक वाजता परतले. किती होते विचारलं तर आधी काही बोललेच नाहीत. मग आमटीत भात कालवत म्हणाले, ''रोहित नाहीच. नुसते चार शेकाटे. पाणी हिरवं झालंय गं, शेवाळ धरलंय.''

जेवून उठले आणि कॅलेंडरवर उद्याच्या चौकोनात १२:४० लिहून ठेवलं.